दोन दळांचा बेल

मार्गशीर्ष वद्य पंचमी. पहाटेपासून दाट धुकं, वारा नाही, गवतावर दहिवर. तिवरघळीत ही गोष्ट सांगताना आधी तिथी सांगतात, मग हवा. शक कोणालाच सांगता येत नाही. फार वर्षं झाली, एवढंच.

तेव्हा थोरली गादी आणि आमच्या खोऱ्याचे राजे यांच्यात लढाई पेटली होती. थोरली गादी म्हणजे सगळा मुलूख. राजे म्हणजे हे एवढं खोरं, समोरचा सुळकीगड आणि त्याखालची गावं. आजवर दोघांचं निशाण एकच होतं. आता गादी म्हणे मुलूख आधी, राजे म्हणत खोरं आधी. एकाच घरातला थोरला गादीच्या फौजेत आणि धाकटा राजांच्या गडावर, असं झालं होतं. दोघांची आई भैरोबाला एकच नारळ फोडी, आणि कोणाच्या नावानं ते सांगत नसे.

त्या भैरोबाचा पुजारी सटवाजी गुरव. देवळामागं बेलाचं झाड होतं. शपथ घ्यायची तर हातात बेलाचं पान आणि भंडारा घ्यायचा, आणि ते पान गुरवानंच तोडून द्यायचं, अशी रीत होती. बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडला की वंश बुडतो, असं म्हणतात.

आश्विनात राजांच्या कारभाऱ्यानं सगळ्या गावाला राजांची शपथ दिली. स्वतःही घेतली. मग गावातली तरणी माणसं गडावर नेली. त्यांत सटवाजीचा एकुलता मुलगा म्हाळू होता.

पंचमीच्या त्या धुक्यात गादीची फौज गावात उतरली. सरदार म्हणाला, "गादीची शपथ घ्या, नाहीतर घरं पेटतील."

म्हातारी गिरजाकाकू सटवाजीजवळ सरकली. "एका तोंडानं दोन धनी कसे सांगायचे रे?"

"तू हात पुढं कर, काकू. बाकीचं माझ्याकडं."

बेलाचं पान तीन दळांचं. एक दळ गेलं की ते खंडित. देवाला चालत नाही. सटवाजीनं प्रत्येक पानाचं एक दळ नखानं खुडलं आणि वर मूठभर भंडारा टाकला. सरदाराला दिसला तो भंडारा. गावानं शपथ घेतली, फौज गडाखाली तळ द्यायला निघून गेली. मग सटवाजीनं खरं सांगितलं. कितीतरी महिन्यांनी गाव हसलं, असं म्हणतात.

ते हसू जिरलं नाही, हीच चूक झाली. पुढं कारभारी चोरवाटेनं धान्य न्यायला गडावरून उतरला आणि डोळे वटारून म्हणाला, "गादीची शपथ घेतलीत म्हणे?"

"शपथ कसली, कारभारी," गिरजाकाकू म्हणाली. "गुरवानं पानंच लंगडी दिली. गादीचा सरदार लंगड्या पानावर खूश."

सगळे हसले. कारभारी हसला नाही. तो सटवाजीकडं वळला.

"आणि आश्विनात आम्हाला दिलीस ती?"

सटवाजी धान्याच्या गोणीचं तोंड बांधू लागला.

"बोल की. अख्खी होती?"

"तीही तसलीच," सटवाजी म्हणाला. "मोठ्यांचं भांडण आज आहे, उद्या मिटेल. माझं पोरगं कोणाला बांधलेलं नको होतं मला."

कारभाऱ्यानं त्याला शिवीसुद्धा दिली नाही. धान्य उचललं आणि गड चढला.

गडावर उपासमार होती. पान खंडित होतं ही बातमी धान्याआधी वाटली गेली. आपण मोकळे आहोत, असं शिबंदी म्हणू लागली. दुसऱ्या पहाटे शिबंदीतली माणसं गडाच्या दाराशी आली तेव्हा पुढं कारभारी होता. दारात म्हाळू भाला आडवा धरून उभा होता.

"बाजूला हो, लेका," कारभारी म्हणाला. "तुझ्या बापानंच सोडवलंय आपल्याला. तूच कसला अडून बसलास?"

"पान माझ्या बानं खुडलं," म्हाळू म्हणाला. "शब्द मी बोललो. तो मी नाही खुडला."

त्याला त्याच्या गावच्या माणसांनीच मारलं आणि गादीच्या फौजेला दार उघडलं.

म्हाळूच्या तिरडीवर ठेवायला सटवाजी बेल तोडायला गेला. एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली, मग झाडावर चढला. सगळ्या झाडावर तीन दळांचं पान उरलं नव्हतं. जे दिसे ते दोन दळांचं. तिरडी थांबली, ऊन चढलं, अखेर लोक बेलाशिवायच गेले. सटवाजी खाली उतरलाच नाही, असं म्हणतात. कोणी म्हणतं, तो झाडाचा झाला. कोणी म्हणतं, अजून शोधतो आहे. वारा नसतानाही त्या झाडाचं एखादं पान हलतं.

पुढच्या वैशाखात गादीचा आणि राजांचा तह झाला. दोघं एका पंक्तीला जेवले. राजांना खोरं परत मिळालं. कारभाऱ्याला तिवरघळ इनाम मिळालं.

तिवरघळीत आजही कोणी शपथ घेत नाही. साक्ष द्यायची वेळ आली तर माणसं ओढा ओलांडून शेजारच्या गावच्या हद्दीत उभी राहतात. भैरोबाचा बेलही तिकडूनच येतो. मार्गशीर्ष वद्य पंचमीला त्यातलं एक अख्खं पान गडाच्या दारात, म्हाळूच्या दगडावर ठेवतात. देवळामागचं झाड उभं आहे. त्याला दोनच दळं येतात.