वडाची पिसं, बोरीची टरफलं

फार मागं, पाखरं घड्याळ बघायची तेव्हाची गोष्ट. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोजरी साळुंकीला कळलं, आज-उद्या अंडं घालावं लागणार. पण पिल्लू वाढवायचं कोणत्या झाडावर? डोंगरापलीकडून मोठी विद्या घेऊन आलेलं पाखरू आपलं एक पीस जन्माच्या झाडाला बांधायचं, अशी रीत होती.

वडावरचा राघू म्हणाला, "आमची चाळीस पिसं आहेत, ताई! त्या बोरीला जेमतेम तीन. विचार कसला करता?"

गोजरीच्या मनात पाल चुकचुकली. एवढं गोड बोलतोय, म्हणजे काहीतरी झाकतोय.

"राघूभाऊ, इथं एकूण पिल्लं किती वाढली?"

"ते कोण मोजत बसतं?"

मग तीच खाली उतरली. वडाखाली अंड्यांची टरफलं हजार मोजून झाली, तरी ढीग संपेना. बोरीखाली पाचच. कुणी पुरून तर ठेवली नसतील? तिने पाचोळा उकरून पाहिला. पाचच.

"अगं बाई, पाचातली तीन!" म्हणत तिने बोरीवर पहिली काडी ठेवली.

आयांनो, कुणी पिसं दाखवली की टरफलंही बघा. आणि जिच्या पोटात अंडं आहे, तिच्या कानावर एवढं घालाच.