राजाचा खल

एका डोंगरी राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याच्या वडिलांना कोणीतरी गोळीत विष लपवून मारले होते. तेव्हापासून राजवाड्यात एक रीत पडली. राजासाठी आलेले मद्य असो की औषध, ते आधी गोंदाजी नावाच्या म्हाताऱ्या नोकराने तेवढ्याच मापाने घ्यायचे. मग राजाच्या वाट्याचे औषध खलात कुटून, नीट पाहून राजाला द्यायचे.

पुढे राजाला यकृताचा आजार जडला. डोळे पिवळे झाले, पायांवर सूज आली. राजाची मद्ये चाखून चाखून गोंदाजीचेही तेच झाले होते, पण त्याच्याकडे कोण बघतो?

भार्गव नावाच्या वैद्याने राजाला तपासले. तो म्हणाला, “महाराज, दुखणं यकृतात आहे, पण विष आतड्यातून येतंय. तिथं असंख्य सूक्ष्म जीव राहतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे. काही थोडे मात्र विष करतात. मारायचं फक्त त्यांना.”

त्याने खसखशीएवढे दाणे दिले. प्रत्येक दाण्यात डोळ्यांना न दिसणारे औषधाचे हजारो कण होते. ते नेमके त्या वाईट जीवांनाच गाठत. वरचे कवच आतड्यात पोचल्यावरच उघडत असे. “दाणा अख्खाच गिळा,” वैद्य म्हणाला. “कवच आधी फुटलं, तर औषध वाटेतच वाया जाईल.”

राजाने तसे कबूल केले. वैद्य गेल्यावर त्याने खल मागवला.

उन्हाळा सरत आला, तरी राजाला उतार पडेना. त्याने वैद्याला कोठडीत टाकले. राज्यात कोणी हूं की चूं केले नाही.

एका सकाळी गोंदाजी औषध चाखायला आला. राजा त्याच्याकडे पाहतच राहिला. म्हाताऱ्याचे डोळे पांढरेस्वच्छ झाले होते.

“गोंदाजी, तुला वेगळं औषध मिळतं का रे?”

“नाही महाराज. याच डबीतलं.”

“मग तू ते खातोस कसं?”

“चावायला दात कुठं राहिलेत? पाण्याच्या घोटाबरोबर तसंच गिळतो.”

राजाची नजर खलाकडे गेली. वैद्याला काय कबूल केले होते, ते राजवाड्यात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि दाणे कुटल्याचे वैद्याला ठाऊक नव्हते. तो गप्प राहिला असता, तरी चालले असते. पण तो उठला आणि सुजल्या पायांनी जिना उतरून कोठडीपाशी गेला. “वैद्यराज, दाणे मी कुटून घेतले,” तो म्हणाला. “चूक माझी आहे.”

मग त्याने वैद्याला मोकळे केले आणि तिथेच डबी उघडली. वडिलांची ती गोळी त्याला आठवली. तरी त्याने चिमूटभर दाणे अख्खेच गिळले.

पाऊस ओसरेपर्यंत राजाचे डोळे निवळले. खल मुदपाकखान्यात गेला. आता त्यात गोंदाजीसाठी शेंगदाण्याची चटणी अगदी बारीक कुटतात.

तात्पर्य: अर्ध्या विश्वासाने घेतलेली मदत वाया जाते आणि दोष मदत करणाऱ्याच्या माथी येतो, म्हणून विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा, आणि चुकलो तर तसे सांगावे.