पडद्यावर उमटलेली अक्षरं

"मग सांगा ना चाचा, दोष डब्याचाच ना?"

प्रणित सावर्डेकरने राखाडी रंगाचा डबा टेबलावर ठेवला. नदीकाठचा भोंगा वाजवणारा डबा. दरवाजे उघडायच्या आधी धरणावरून हुकूम सुटायचा, डब्याने तो ऐकून भोंगा वाजवायचा, आणि काठावरच्या माणसांनी वर पळायचं.

सोमवारी दरवाजे उघडले. भोंगा वाजला नाही. कळंबवाडीची शेवंता गुरव नदीवर गोधड्या धूत होती. तिसऱ्या दिवशी ती सापडली, चार मैल खाली.

चाचांनी, म्हणजे इब्राहिम मुजावर यांनी, धरणावर तीस वर्षं यंत्रं जोडली. निवृत्त झाल्यावर एसटी स्टँडमागे दुरुस्तीचं दुकान टाकलं. प्रणित त्यांच्याकडे दहा दिवस शिकला आणि अकराव्या दिवशी "आलं मला" म्हणून निघून गेला. आज, चौकशीच्या आदल्या दुपारी, त्याला दुकानाचा पत्ता बरोबर आठवला.

"डबा सदोष होता, एवढंच लिहून द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"जोडला कुणी होता?"

"मीच. लॅपटॉपवरून डब्याला केबल लावली, सगळ्या सूचना टाइप केल्या. पडद्यावर अक्षर न् अक्षर उमटलं."

"भोंगा वाजवून बघितलास?"

"बटण दाबून. वाजला."

"आणि धरणावरून हुकूम सोडून?"

"त्या दिवशी अजून तीन गावं करायची होती, चाचा. पण अक्षरं उमटली होती. फोटो आहे माझ्याकडे."

फोटो होता खरा. असल्या माणसांकडे फोटो असतोच. चाचांनी तो पाहिला नाही.

"जोड. तेव्हा जोडलास तस्साच."

प्रणितने आपली केबल काढली. एक टोक लॅपटॉपला, एक डब्याला.

"कर टाइप."

अक्षरं उमटली. प्रणितचा चेहरा सैल झाला. "बघा!"

चाचांनी हात लांब केला, डब्यातून केबल उपसली आणि तिचं टोक प्रणितच्या मांडीवर ठेवलं.

"आता कर."

प्रणितने टाइप केलं. अक्षरं उमटली. तशीच, एकामागे एक.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा उमटली.

टाइप केलेलं आपलं आपल्यालाच दाखवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये असते. ती चालू राहिली होती. प्रणितला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच दिवशी चाचांनी शिकवलं होतं, की आधी नुसतं एंटर दाबायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. डब्याला स्वतःचं नाव सांगू द्यायचं. मगच पुढची सूचना. त्या हात मांडीवर ठेवण्याचं प्रणितला तेव्हा हसू आलं होतं.

चाचांनी खिळ्यावरची आपली केबल काढून डब्याला लावली. एंटर दाबलं. हात मांडीवर ठेवले.

थोडा वेळ काहीच नाही. मग एक ओळ आली. यंत्र नवीन आहे, अजून एकही सूचना मिळालेली नाही, एवढीच.

प्रणितने ती दोनदा वाचली.

"म्हणजे माझं एक अक्षरसुद्धा याला..."

चाचांनी त्याच्या मांडीवरची केबल उचलून टेबलावर ठेवली.

"केबलच चुकीची होती. आणि डबा चालू आहे म्हणून मी सही केली. चाचा, ती बाई माझ्यामुळे..." तो रडत होता, आणि ते बघवत नव्हतं.

"अकराव्या दिवशी मी तुला अडवलं नाही," चाचा म्हणाले. "तेवढा दोष माझ्याकडे."

प्रणितने तोंड पुसलं.

"उद्या चौकशीत खरं तेच सांगतो. पण आधी कळंबवाडीला जातो, आत्ताच. तिच्या नवऱ्यासमोर बसतो. कसं झालं, काय चुकलं, सगळं सांगतो. माफी मागतो."

दारापर्यंत जाताना त्याचे ओठ हलत होते. वाक्यं जुळवायला त्याने सुरुवातही केली होती.

"प्रणित."

तो थांबला.

"बोलून झालं की उठू नकोस. हात मांडीवर ठेव."