फुंकणी आणि सरकारांची मोटार

करंजगडच्या हणमंतराव राजांची जुनी मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत उंटमानेच्या घाटात बसली, ती बसलीच! शेवटी पुढे दोन बैल जुंपले. पाहुणे राजे हसले. बैलही हसल्यासारखे दिसले.

"गाडी का अडली?" सरकार गरजले.

ड्रायव्हर म्हादबा भोळा माणूस. म्हणाला, "सरकार खाली उतरले असते, तर चढली असती."

झालं! म्हादबा कोठडीत.

त्याची मुलगी गोजरा वाड्याच्या मुदपाकखान्यात चूल सांभाळायची. निखाऱ्यांचं घमेलं आणि दोन फुंकण्या घेऊन ती थेट दरबारात आली. "माझ्या बाला सोडा, सरकार. आम्ही गाडी चढवून दाखवू."

"जरूर! पण गाडी माझ्या वडिलांची, आबासाहेबांची आठवण आहे. तिच्यात नवं काही घालायचं नाही, खिळासुद्धा नाही! मीही खाली उतरणार नाही. कोजागिरीला गाडी अडली, तर बापलेक संस्थानाबाहेर!"

"कबूल. आतलं थोडं काढलं तर चालेल?"

"काढा की! काढून कधी कुणाचं बळ वाढलंय?" दिवाणजी खिदळले.

गोजराने पहिली फुंकणी पुढे केली. "सरकार, जरा निखारे फुलवता?"

सरकारांनी फुंकर मारली. गाल फुगले, डोळे वटारले, पण निखारा ढिम्म!

"आता ही दुसरी."

सरकारांनी तेवढाच जोर लावला आणि सगळी राख उडून दिवाणजींच्या मिशांवर बसली!

"पहिलीत बांबूच्या पेरांचे कंगोरे तसेच आहेत," गोजरा म्हणाली. "दुसरी मी आतून घासलीय. फुंकणारे सरकार तेच!"

म्हादबा सुटला. त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे माथ्यावरचं बिडाचं जड झाकण, उतरवलं. त्यात हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा होत्या. सगळ्या खडबडीत, वळणावर कंगोरे, वर काजळीचा थर.

"बा, ही तर पहिली फुंकणी!"

गोजराने गोल कानस घेतली, मग काठीला पॉलिशपेपर गुंडाळला. हळूहळू, हात फिरवून बघत, तिने एकेक वाट गुळगुळीत केली. म्हादबाने हेड धुऊन पुसून परत बसवलं.

कोजागिरीला सरकार गाडीत बसले. पोटभर जेवून बसले, मुद्दाम! मागून दोन बैलही निघाले.

गाडी गुरगुरली आणि घाट चढू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण... बैल दिसेनासे झाले!

माथ्यावर दिवाणजी ओरडले, "लबाडी! पोरीने आत नक्की काहीतरी घातलंय!"

"घातलंय ना, दिवाणजी," गोजरा म्हणाली. "हवा! पण आत ठेवली नाही. पुढून घेतली, मागून सोडली. सरकारही जेवल्यावर तेच करतात, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही!"

म्हादबाने डोळे मिटून घेतले. आता पुन्हा कोठडी!

पण सरकार हसायला लागले. इतके हसले, की उभी गाडी हलायला लागली! डोळे पुसत त्यांनी मोटारखान्याच्या किल्ल्या गोजराच्या हातात ठेवल्या.

आणि म्हादबाला? घाट चढायची सवय असलेले ते दोन बैल!