थेंबूचा पाचवा गुण

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची. त्या काळी एका खोऱ्यात एक गाव होतं, आणि त्या गावात घरटी एक भिडू असायचा.

भिडू म्हणजे काय, असं विचाराल. मांजरापेक्षा मोठा आणि वासरापेक्षा लहान असा तो प्राणी. माणसांच्या घरातच वाढायचा. त्याला माणसांचं सगळं बोलणं कळायचं, फक्त उलटून बोलता यायचं नाही. एवढ्या एका बाबतीत तो लेकरांपेक्षा बरा होता.

प्रत्येक भिडूत एक गुण असायचा. कुणी आगीच्या गुणाचा, कुणी पाण्याच्या, कुणी वेलीच्या, कुणी खडकाच्या. दर बाजाराच्या दिवशी मैदानात पांढऱ्या मातीची गोल रेघ आखून भिडूंच्या झुंजी लावत. पाणी आगीला विझवायचं, आग वेलीला जाळायची, वेल खडकाला फोडायची आणि खडक पाण्याला अडवायचा. म्हणजे आज जो जिंकला, तो पुढच्या बाजारी कुणाकडून तरी हरणारच. एखाद्या भिडूनं मान खाली टाकली की झुंज संपली. मग जिंकलेल्याच्या घरी स्वयंपाक व्हायचा, हरलेल्याच्या घरच्यांना जेवायला बोलवायचं, आणि हरलेल्या भिडूचं पान आधी वाढायचं. अशी त्या गावाची रीत होती.

या गावात सारजा नावाची एक तरुण बाई राहायची. तिच्या भिडूचं नाव थेंबू. तो पाण्याच्या गुणाचा. अंगानं गुबगुबीत, रंगानं निळसर, आणि गळ्याखाली पाण्याची मऊ पिशवी. जन्मला तेव्हा ओंजळीत मावत होता. सारजानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. म्हणून की काय, तिचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. थेंबू जास्त वेळ झोपला तर ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. कमी झोपला तर म्हणायची, "दृष्ट लागली गं बाई याला."

आता हा थेंबू झुंजीत फार हरायचा. खडकाशी हरायचा हे ठीक, पण हा आगीशीसुद्धा हरायचा! झुंज रंगात आली की हा मध्येच मान वळवून गर्दीत सारजा कुठे उभी आहे ते बघायचा. तेवढ्यात समोरच्याचा तडाखा बसायचा. मग धावत येऊन तिच्या मांडीत तोंड खुपसायचा. ती त्याच्या अंगाला हळद-तेल लावायची आणि रडायची.

शेजारच्या भागूआत्याकडे इंगळ नावाचा आगीच्या गुणाचा भिडू होता. आत्या म्हणायची, "अगं सारजे, लागलंय त्याला आणि रडतेस तू. जेवायला चला आता. थेंबूचं पान वाढून ठेवलंय."

"दर वेळी आमचंच पान आधी का हो, आत्या?"

"मग बरंच आहे की! तुझा थेंबू हरतो म्हणून माझ्या घरी चार माणसं जेवतात."

सगळे हसायचे. थेंबू तर ताटातून डोकं वर काढायचा नाही. पण सारजाचं लक्ष त्याच्या ओरखड्यांवरच असायचं. तिला रोज वाटायचं, आज ओरखडा आहे, उद्या डोळा गेला तर? माझ्या माघारी याचं कसं होणार?

एकदा खिंडीपलीकडून एक माणूस आला. त्याच्याबरोबर एक काळा भिडू होता. गावकऱ्यांनी विचारलं, "याचा गुण कोणता?"

तो म्हणाला, "पाचवा. काळोखाचा."

लोकांनी कौतुकानं झुंज लावली. पाण्यानं काळोख भिजला नाही, आगीनं जळला नाही, वेलीला तो धरता येईना आणि खडकाला दाबता येईना. एका दुपारी त्या काळ्या भिडूनं गावातले सात भिडू लोळवले.

संध्याकाळी सारजा त्या माणसाला गाठून म्हणाली, "दादा, असा भिडू कुठे जन्माला येतो?"

"जन्माला कुठेच येत नाही, बाई. करावा लागतो. हा माझाही आधी वेलीच्या गुणाचा होता." त्यानं थेंबूकडे पाहिलं. "याला मार का बसतो, सांगू? झुंजताना याचं अर्धं लक्ष तुमच्याकडे असतं. ते अर्धं लक्ष काढून घेतलं की झालं. चार महिने याला माझ्याकडे ठेवा."

"मारणार नाही ना त्याला?"

"बोटसुद्धा लावणार नाही. तेच तर करायचं असतं. हात लावायचा नाही, नावानं हाक मारायची नाही, खाणं लांब काठीनं पुढे सरकवायचं. जिंकला तर खाणं द्यायचं, हरला तर पाठ फिरवायची. पण एक गोष्ट तुम्हालाच करावी लागेल. तुम्ही निघालात की तो तुमच्या मागे येईल. तेव्हा ओळख दाखवायची नाही."

भागूआत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सारजे, डोकं फिरलंय का तुझं? हरतो तर हरतो. तुझं काय जातं?"

"तुम्हाला बोलायला काय जातं, आत्या? तुमचा इंगळ जिंकतो."

आत्या उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सारजा थेंबूला खिंडीपाशी सोडून आली. तो मागे धावत आला. तिच्या लुगड्याला नाक घासलं. पुढे जाऊन तिच्या वाटेत बसला. सारजा त्याच्या बाजूनं निघून गेली. तो ओरडत राहिला, ती चालत राहिली. त्याच्या भल्यासाठीच तर करतेय, असं ती स्वतःला घोकत होती. मागे आवाज बंद झाला, तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

चार महिन्यांनी थेंबू परत आला. निळं अंग काजळीसारखं काळं झालेलं. गळ्याखालची पिशवी सुकून चिकटलेली. सारजा धावत गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण कसं? रस्त्यातल्या दगडाकडे पाहावं तसं.

"दमला असेल," ती म्हणाली.

पुढच्या बाजारी थेंबू जिंकला. त्याच्या पुढच्याही बाजारी जिंकला. एकदाही त्यानं मान वळवून गर्दीकडे पाहिलं नाही. समोरच्यानं मान खाली टाकली तरी तो थांबेना; चार माणसांना रेघेबाहेरून दोर टाकून त्याला ओढावं लागलं. त्या दिवशी सारजानं पुरणपोळीचा स्वयंपाक केला, पण कुणी जेवायला आलं नाही. हरलेला भिडू उठूच शकत नव्हता, तर त्याच्या घरचे कसे येणार? थेंबू कोपऱ्यात उभा होता. तो आता बसत नसे. झोपायचा तेही उभ्यानंच.

लोक म्हणाले, "नशीबवान आहेस, सारजे!" आणि आपापले भिडू घेऊन खिंडीकडे निघाले. थेंबूपुढे आपला भिडू टिकायला नको का? काही दिवसांनी भागूआत्याही इंगळला सोडून आली. सारजाच्या दारावरून जाताना तिनं मान वर केली नाही.

सुगी संपली आणि वर्षाची मोठी झुंज आली. थेंबू विरुद्ध इंगळ. इंगळही काळा होऊन परतला होता; आता दोघेही काळोखाचे.

गावचे म्हातारे पंच सारजाला म्हणाले, "पोरी, आजवर प्रत्येक गुणाला कुणीतरी हरवणारा होता, म्हणून झुंज संपायची. काळोखाला काळोख हरवत नाही. मान तर दोघंही टाकणार नाहीत."

"मग झुंज संपणार कशी, बाबा?"

पंच रेघ आखायला वळले. एकाचा जीव जाईल तेव्हाच, हे तिला कळलं.

झुंज सुरू झाली. आरडाओरडा नाही, डरकाळी नाही. दोन काळे भिडू मुकाट्यानं एकमेकांना फाडत होते. घटका गेली, दुसरी गेली. इंगळचा एक पाय लोंबू लागला. थेंबूच्या मानेतून रक्त वाहू लागलं. तरी दोघं पुन्हा उठले.

सारजा रेघेशी उभी होती. त्या मैदानाचा नियम होता, की रेघेच्या आत भिडूनंच जायचं. माणसानं रेघ ओलांडली तर त्याचा भिडू हरला, आणि तो पुन्हा कधीच झुंजीत उतरायचा नाही. ज्या जिंकण्यासाठी तिनं पोटच्या गोळ्याला पाठ दाखवली होती, ते सगळं त्या एका पावलात जाणार होतं.

तिनं पाऊल टाकलं.

धावत जाऊन तिनं थेंबूच्या मानेला मिठी घातली. तो उलटला आणि तिच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. माणसं किंचाळली. सारजानं मिठी सोडली नाही.

"हरलास रे!" ती रडत, हसत म्हणाली. "हरलास माझ्या राजा! संपली झुंज. चल घरी."

तो चावत राहिला, ती धरून राहिली. हळूहळू त्याचे दात सैल झाले. ओळख पटली म्हणून नव्हे बरं का. नुसता दमला होता. समोर भागूआत्यानं इंगळवर आपलं सगळं अंग टाकलं होतं आणि ती ओरडत होती, "आमचाही हरला! लिहून घ्या, आमचाही हरला!"

पंच म्हणाले, "पहिल्यांदाच बघतोय अशी झुंज. दोघंही हरले आणि दोघंही जगले."

खिंडीपलीकडचा माणूस गर्दीतून पुढे आला. "बाई, वाटोळं केलंत. आता हा ना पाण्याचा, ना काळोखाचा. कशाच्याच कामाचा नाही."

"कामाचं काय घेऊन बसलात, दादा? मी काही गडी ठेवलेला नाही." दंडातून रक्त गळत असताना सारजानं थेंबूला खांद्यावर घेतलं आणि ती घरी निघाली.

आता तुम्हाला वाटेल, घरी गेला आणि लगेच बरा झाला. तसं नाही होत. जखमा दहा दिवसांत भरल्या. बाकीचं तसंच राहिलं. सारजा जवळ गेली की थेंबू गुरगुरायचा. तिनं हातानं घास दिला, तर तो काठीची वाट बघायचा.

ती पंचांकडे जाऊन म्हणाली, "बाबा, किती दिवस लागतील हो? महिना? दोन महिने? आधीसारखा होईल ना? नाहीच झाला तर?"

म्हातारे पंच हसले. "तिकडे पाठवलंस तेव्हाही घाईच होती, पोरी. आता तरी घाई नको करूस."

तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं. अंगणात त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि धान्य निवडत बोलत राहायची. "आज भाजी खारट झाली रे थेंबू. भागूआत्याचा इंगळ काल म्हणे चुलीपाशी जाऊन बसला. तू नको बसूस बाबा, तुला चटका बसेल." तो कानसुद्धा हलवायचा नाही. ती रोज त्याचं नाव घ्यायची. रोज दहादा.

एक महिना गेला. दुसरा गेला. एकदा धान्य निवडता निवडता तिला वाटलं, मागे कुणीतरी बसलंय. उभं नाही, बसलंय. तिनं वळून पाहिलं नाही; श्वाससुद्धा हळू घेतला. आणखी काही दिवसांनी त्याच्या पाठीवरची काजळी एका ठिकाणी फिकी दिसली. खाली निळं होतं. पण तो अजून कण्हत नव्हता, रुसत नव्हता, घाबरत नव्हता. जे भिडू जिवंत असतात ते घाबरतात की नाही?

मग एक सकाळ अशी आली. शेजारची एक कोंबडी नुकती फुटलेली पिल्लं घेऊन अंगणात शिरली. थेंबूनं कुतूहलानं एका पिल्लाला नाक लावलं. झालं! कोंबडी पिसं फुलवून अंगावर आली आणि त्याच्या नाकावर सणसणीत चोच मारली. ज्यानं एकामागून एक बाजार जिंकले होते, तो थेंबू केवढ्यानं तरी किंचाळला आणि धूम पळत घरात आला. चुलीपुढे बसलेल्या सारजाच्या मांडीत त्यानं तोंड खुपसलं आणि थरथर कापू लागला. त्याच्या गळ्याखालून पाणी झिरपून तिचं लुगडं भिजत होतं.

सारजाला आधी कळेचना, हसावं की रडावं. तिनं दोन्ही केलं. मग त्याला कडेवर घेऊन ती दारात आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आत्या! अहो आत्या! आमचा थेंबू हरला! कोंबडीला हरला!"

भागूआत्या पिठाच्या हातानं धावत आली. "खरंच? आणि हरून कुठे गेला गं?"

"कुठे जाणार? माझ्याकडे आला!"

सारजानं त्या दिवशी गूळ वाटला. सगळ्यांनी तो खाल्ला आणि ज्यांचे भिडू अजून तिकडेच होते, त्यांनी त्यांना आणायला खिंडीची वाट धरली. खिंडीपलीकडच्या माणसाकडे त्यानंतर कुणी भिडू नेला नाही, आणि काळोखाचा पाचवा गुण त्या खोऱ्यातून हळूहळू गेला. थेंबू मात्र जन्मभर कोंबड्यांना भ्यायचा.

म्हणून सांगते, लेकरांना जिंकायला अवश्य शिकवावं. पण हरल्यावर परत यायला आपली मांडी आहे, हे त्यांना त्याआधी कळू द्यावं.