गुहेतले भाऊबंद

पूर्वी हेमगिरी नगरात धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका डोहात मत्स्ययोनीत जन्मले आणि तिथल्या माशांचे अधिपती झाले. एका अंधाऱ्या गुहेतून निघणारा झरा त्या डोहाला मिळत असे.

एका पावसाळ्यात गुहेतून मोठा लोंढा आला आणि त्याबरोबर काही मासे डोहात येऊन पडले. ते फिकट होते, आणि त्यांना डोळे नव्हते. पाणी ओसरल्यावर त्यांना परतीची वाट सापडेना. ते शेवाळाखाली दडून राहू लागले.

उन्हाळ्यात डोह आटत चालला, खाणे कमी पडू लागले. तेव्हा चपलक नावाचा तरुण मासा अधिपतींकडे आला.

"महाराज, ही आंधळी जात आपली नव्हे. त्यांना उथळात हाकलू. तिथे बगळा उभाच आहे. आपलं खाणं तरी आपल्याला उरेल."

बोधिसत्त्व त्याला घेऊन शेवाळाखाली गेले. तिथे शंखिनी नावाची वृद्ध मासोळी होती.

"माई, जवळ येऊ का?"

"या की," ती म्हणाली. "दोघं आहात. एक म्हातारा, एक चिडलेला. पाणी हलतं त्यावरून कळतं."

बोधिसत्त्व चपलकाला म्हणाले, "हिच्या मिशा बघ. तुलाही तशाच आहेत, फक्त आखूड. शेपटीची घडण बघ. आणि या खोबणी. डोळे कधी नव्हतेच, तर खोबणी कशाला असत्या?"

चपलक गोंधळला. "म्हणजे हे आपलेच? मग असे कसे झाले?"

"आपलेच पूर्वज कधीतरी गुहेत शिरले असतील. पिल्लं सगळी सारखी कुठे निघतात? काळोखात आंधळ्या पिल्लाचं काही अडलं नाही. ज्याच्या मिशा लांब, त्याला अन्न आधी सापडलं. ते जगलं, त्याचा वंश वाढला. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं. उजेडात राहिलो ते आपण असे झालो. यात कुणाला शाप नाही, की कुणाची थोरवी नाही."

"पण खाणं संपत आलंय, महाराज."

"म्हणून तर यांना घरी पोचवायचं."

वाट उथळातूनच होती. बोधिसत्त्व पुढे निघाले. त्यांच्या शेपटीने हलणाऱ्या पाण्याच्या अंदाजाने आंधळे मासे मागोमाग आले. बगळ्याने चोच मारली तसे बोधिसत्त्व मध्ये आले. त्यांच्या पाठीवरचा पर फाटला. ते पाहून चपलक बगळ्याच्या पलीकडे गेला आणि त्याने पाणी फडाफडा उडवले. बगळा तिकडे वळला, तेवढ्यात सगळे गुहेत शिरले. चपलकही शेवटी निसटून आत आला.

आत त्याला काहीच दिसेना. तो घाबरून थांबला.

"बाळा, माझ्या मागोमाग ये," शंखिनी म्हणाली. "आत पाणी खोल आहे, गार आहे, खाणंही आहे. तुमच्या सगळ्यांना इकडेच घेऊन ये."

डोहातल्या माशांनी तो उन्हाळा गुहेत सुखाने काढला. बाहेर डोहाचा चिखल झाला होता. पावसाळ्यात ते उजेडात परतले, आणि पुढे दोन्हीकडची ये-जा चालू राहिली.

पुढे अनेक जन्मांनी बोधिसत्त्व बुद्ध झाले, भिक्षूंचे शास्ते म्हणजे गुरू झाले. तेव्हा दूरदेशाहून आलेल्या, वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या भिक्षूंच्या पंगतीला बसायला सुभग नावाचा भिक्षू तयार नव्हता. त्याला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा चपलक तू होतास, सुभगा. शंखिनी म्हणजे आताची भिक्षुणी मंजुला. आणि माशांचा अधिपती मी होतो. परक्यालाही आपलं मानणं, यालाच मैत्रीची पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता, म्हणतात."

सुभग उठला आणि आपले भिक्षापात्र घेऊन त्या पंगतीत जाऊन बसला.