पलीकडचा पिंपळ

“नव्या सुनेला काही विचारू नका हं. ती पलीकडची, तिला पलीकडचं काय कळणार?” सासूबाई पानाआडून गुरुजनांना म्हणाल्या. साळुंकीने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

पाखरांनी विद्यापीठं काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या वडावर ‘पलीकडच्या पिंपळाचा अभ्यास’ शिकवत. होला तिथली गाणी शिकवायचा, टिटवी तिथलं पाणी आणि कावळा तिथली जुनी भांडणं. सगळं मिळून एकच पदवी. नदी ओलांडायला मात्र बंदी होती. त्याने म्हणे मत बिघडतं.

एका संध्याकाळी पिंपळावरचा रोजचा कलकलाट ऐकूच आला नाही. साळुंकी फांदीच्या टोकाला जाऊन माहेराकडे कान लावून बसली.

“चाल बदलली असेल,” होला म्हणाला.

“पाणी आटलंय,” टिटवी म्हणाली.

“छे! गप्प आहेत म्हणजे हल्ल्याची तयारी चाललीय,” कावळा म्हणाला.

“कुणीतरी जाऊन बघा ना,” साळुंकी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

“अगं, मोठी माणसं बोलतायत,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही वाद रंगलेलाच होता. शेवटी साळुंकी कुणालाही न विचारता उडाली आणि दुपारी परत आली.

“हिने पाहिलेलं आता कोणत्या विषयात धरायचं?” कावळ्याने विचारलं.

साळुंकीने पहिल्यांदाच सगळ्यांकडे मान वर करून पाहिलं.

“पिंपळ काल निम्माच कापला होता, आज सकाळी पाडला. माझी आई ढोलीत अंड्यांवर बसलेली होती, ती उठली नाही. ती कोणत्या विषयात येते, ते तुम्ही सावकाश ठरवा.”